वर्गणीत न मावणारं देणं

नोकरीची सगळी वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. या विषयाची गोडी कुठे लागली, असं कुणी विचारलं की मी आमच्या गावच्या वाचनालयाचं नाव घेते. रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. बाजारपेठ संपते आणि रस्ता नदीकडे उतरायला लागतो, तिथे ते कौलारू वाचनालय होतं. पुढे पडवी, आत दोन खोल्या. पडवीत वर्तमानपत्रांचं लांब टेबल आणि दोन बाकडी, पहिल्या खोलीत पुस्तकांच्या देवघेवीचं टेबल, दुसरीत भिंतीला लागून कपाटं. विस्तार एवढाच. पण पुढे मी जे वाचलं, शिकले आणि मुलांना शिकवलं, त्याचा पाया त्या दोन खोल्यांत आहे.

तिथल्या ग्रंथपालांना सारा गाव अण्णा म्हणायचा, म्हणून मीही अण्णाच म्हणायचे. मी त्यांचं देणं लागते. ते फिटण्यातलं नाही, हे मला केव्हाच कळून चुकलंय. निदान ते कशाकशाचं आहे, ते तरी नीट नोंदवून ठेवावं म्हणून हे लिहिते आहे.

वाचनालयात माझं जाणं सुरू झालं ते आईमुळे. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. सभासद बाबा, वर्गणी त्यांच्या नावावर. वाचणारी मात्र आई. आमच्या गावात तेव्हा बायका वाचनालयाची पायरी चढत नसत. तसा काही नियम नव्हता. पण पडवीत वर्तमानपत्रं वाचत बसलेल्या पुरुषमंडळींच्या समोरून आत जायचं, पुस्तकं चाळायची, हवं ते मागायचं, हे घरच्या बायकांना अवघड वाटायचं. मग घरातलं एखादं शाळकरी पोर ये-जा करायचं. आमच्याकडे ते काम माझ्या वाट्याला आलं होतं. पिशवीत वाचून झालेलं पुस्तक आणि पुस्तकात आईची चिठ्ठी. योगिनी जोगळेकर, सुमती क्षेत्रमाडे, ज्योत्स्ना देवधर, शैलजा राजे, यांचं जे असेल ते द्यावं, वाचलेलं नको. खाली बाबांसाठी एक ओळ: बाबूराव अर्नाळकर, झुंजार किंवा काळा पहाड.

अण्णा चिठ्ठी वाचत, उठून आतल्या खोलीत जात आणि पुस्तक घेऊन येत. कुणी काय वाचलंय हे त्यांच्या बऱ्यापैकी ध्यानात असे. तरी गल्लत होऊ नये म्हणून वाचणाऱ्या बायकांनी आपली एक सोय करून ठेवली होती. पुस्तकातलं एक ठरलेलं पान, त्याच्या आकड्याशेजारी पेन्सिलीची बारीक खूण. आईची खूण म्हणजे एकविसाव्या पानावर एक टिंब. पुस्तक घरात आलं की ती आधी एकविसावं पान काढायची. टिंब दिसलं तर पुस्तक वाचलेलं. त्याच पानावर आणखी कुणाची फुली असे, कुणाची चांदणी, कुणाचा छोटासा त्रिकोण. ज्या बायका एकमेकींच्या घरी वर्षातून एकदा हळदीकुंकवालाच जात, त्यांची त्या पानावर महिन्याच्या महिन्याला गाठ पडत होती. चांदणी काढणारी बाई आईच्या आवडीची सगळी पुस्तकं आधीच वाचून बसलेली असायची. ‘ही कोण असेल गं?’ असं आई मला विचारायची. एका संक्रांतीला तिला तो शोध लागला. दोन आळ्या पलीकडे राहणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या एक काकू. त्या दिवसापासून त्या दोघींचं पुस्तकांवरचं बोलणं जे सुरू झालं, ते आई थकेपर्यंत चालू होतं. आईला आयुष्यातली सगळ्यात जवळची मैत्रीण एका पानाच्या कोपऱ्यात सापडली.

पुस्तकावर कुणी रेघ ओढलेली अण्णांना खपत नसे. शाईने नाव घालणाऱ्या मोठमोठ्या माणसांना ते चारचौघांत सुनवायचे. पण बायकांच्या या खुणा त्यांनी कधी खोडल्या नाहीत. त्या कशासाठी आहेत ते त्यांना ठाऊक होतं. वाचनालयात पाऊल न टाकणाऱ्या या वाचकांची त्यांनी ठेवलेली ती कदर होती, आणि माझ्या आईच्या वतीने मी त्यांची पहिली ऋणी आहे ती त्याबद्दल.

चिठ्ठी देऊन मी दाराशी उभी राहायचे. एकदा अण्णांनी टेबलामागे एक स्टूल ओढलं, मला त्यावर बसवलं आणि हातात ‘चांदोबा’ दिला. ‘पुस्तक काढेपर्यंत उभं राहून पाय दुखतील. हे बघत बस.’ पडवीतली मंडळी मान वर करून बघत होती. पण मुलीने तिथे बसावं असं अण्णांनीच ठरवल्यावर कुणी काही बोललं नाही. त्या दिवसापासून ते स्टूल माझं झालं. ‘चांदोबा’ मराठीत १९५२ पासून येत होता. आमच्या वाचनालयात त्याचे जुने अंक वर्षवार बांधून ठेवलेले होते. खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार आणि पायाखाली अंधार, असा तो विक्रम राजा चित्रकार शंकर यांनी काढलेला. मी आधी नुसती चित्रं बघत गेले आणि मग वेताळाच्या प्रश्नांची उत्तरं शोधायला वाचू लागले. पुढे १९७१ च्या नोव्हेंबरात बालभारतीचं ‘किशोर’ सुरू झालं आणि त्याचे अंक आमच्याकडे यायला लागले. अंक आला की त्यावर वाचनालयाचा शिक्का मारायचं काम अण्णांनी मला दिलं. शिक्का सरळ मारायचा, मजकुरावर येऊ द्यायचा नाही, वाळेपर्यंत पान मिटायचं नाही. शिक्का मारणाऱ्याने अंक आधी वाचायचा, हा माझा हक्क त्यांनी न सांगता मान्य केला होता.

अण्णांची पुस्तकं देण्याची एक रीत होती. मी मागेन ते पुस्तक ते द्यायचेच, पण सोबत एक पुस्तक स्वतःच्या मनाने द्यायचे. ‘हे वाच. कळलं नाही तर परत आण, कळलं तर सांगायला ये.’ त्यांचं हे सांगणं मी अक्षरशः पाळलं. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ असा आला, त्यामागून ‘चिंगी’ आली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकरूपात यायला लागला तेव्हा मी माध्यमिक शाळेत गेले होते. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल, त्याचं ते ‘टॉक्’. सायकलवर बसायला मला घरून परवानगी नव्हती, पण पुण्याचे रस्ते मी त्याच्यामागून पाहून घेतले. पुढे खरं पुणं पाहिलं तेव्हा ते मला अनोळखी वाटलं नाही.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ वाचून सगळे रडतात, तशी मीही रडले. पुस्तक परत करायला गेले तेव्हा अण्णांनी विचारलं, ‘पालगड कुठे आलं?’ मला सांगता येईना. त्यांनी भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवलं. पालगड आमच्याच जिल्ह्यात, दापोली तालुक्यात. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलेलं ते पुस्तक आपल्या बाजूच्या मातीतलं आहे, हे कळल्यावर मला श्याम एकदम नात्यातला वाटायला लागला. मग अण्णांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पुस्तकांच्या ओढीने श्याम पैसे चोरतो, तो भाग त्यांनी मला पुन्हा वाचायला लावला आणि म्हणाले, ‘या मुलाला वाचायला हवं होतं आणि पुस्तकं मिळत नव्हती. म्हणून गावात वाचनालय लागतं.’ वाचनालय का असावं, यावर मी नंतर बरीच भाषणं ऐकली. इतकं नेमकं कारण मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येते.

भा. रा. भागवतांनी जूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांसाठी आणल्या. ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ मी वाचून संपवल्या आणि मग अण्णांनी ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ काढून दिलं. आइसलंडमधल्या एका विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडातून तिघं जण पृथ्वीच्या पोटात उतरतात. पाणी संपतं, वाटा चुकतात, अंधारात एकमेकांची ताटातूट होते, जमिनीखाली समुद्र लागतो. पावसाळ्याचे दिवस होते. दिवे गेले की मी कंदील उशाशी घेऊन वाचत होते. आता ही माणसं वर कशी येणार या विचाराने जीव टांगणीला लागलेला, आणि पान उलटते तो पुढे पुठ्ठाच. शेवटची दहा-बारा पानं गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी मी पायरीवर जाऊन बसले. अण्णांनी पुस्तक हातात घेतलं, मागची शिवण बोटाने चाचपून पाहिली. पानं फाडलेली नव्हती, जुनी शिवण सुटून गळालेली होती. ‘ती माणसं बाहेर आली का, एवढंच सांगा,’ मी म्हटलं. अण्णांनी पुस्तक वाचलेलं होतं. दोन वाक्यांत सांगून माझी समजूत घालणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. ‘ते तू वाचायचंस. थोडे दिवस थांब,’ एवढंच म्हणाले.

त्यानंतर वाचनालयाच्या कामासाठी त्यांचं रत्नागिरीला जाणं झालं. पहाटेच्या एसटीने जायचं, कचेरीतलं काम उरकायचं, संध्याकाळच्या गाडीने परतायचं. कचेरीचं काम झाल्यावर ते तिथल्या वाचनालयात गेले, पुस्तकाची तिथली प्रत मागून घेतली आणि नसलेली सगळी पानं बसून उतरवून काढली. हे मला त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी मला बोलावलं ते पुस्तकाची बांधणी बघायला.

ती बांधणी मला आजही पायरी-पायरीने सांगता येते, कारण त्यांनी ती करता करता मला शिकवली. आधी जुना पुठ्ठा सोडवायचा. पाठीवरची सुकलेली खळ ओल्या फडक्याने मऊ करून खरवडायची. मग एकेक जुज वेगळा करायचा. छापलेला मोठा कागद घडी घालून जो पानांचा गठ्ठा होतो, त्याला जुज म्हणतात. पुस्तक म्हणजे असे जुज एकावर एक ठेवून शिवलेले. ज्या जुजाची घडी फाटली असेल तिथे पातळ कागदाची पट्टी आतून चिकटवायची. दाभणाने भोकं पाडायची, मेणावर ओढलेल्या दोऱ्याने शिवत जायचं, दोरा ताणायचा पण कागद कापू द्यायचा नाही. खळ मैद्याची, आणि तिच्यात मोरचुदाची चिमूट, म्हणजे कसर लागत नाही. वरून पुठ्ठा, पाठीला कापड, आत अबरीचा कागद. शेवटी दोन फळ्यांत घालून वर दगडी वरवंटा आणि जाड रजिस्टरं, असा रात्रभर दाब.

शेवटच्या जुजाच्या मागे अण्णांनी स्वतः लिहिलेली पानं शिवली. कागद छापील पानांच्या मापाने कापलेला. अक्षर बाळबोध, पण मोडी लिहिलेल्या हाताचं, किंचित उजवीकडे कललेलं. छापील पानाच्या डोक्यावर जिथे आकडा होता, तिथेच प्रत्येक पानावर आकडा, पुढचा क्रम न चुकवता. परिच्छेद जिथे सुरू होतो तिथे तेवढीच जागा सोडलेली. आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरात, इथून पुढची पानं हस्तलिखित असून रत्नागिरीच्या प्रतीवरून उतरवली आहेत अशी नोंद, खाली तारीख. स्वतःचं नाव घातलेलं नव्हतं.

ती माणसं इटलीतल्या स्ट्रॉम्बोली या ज्वालामुखीच्या तोंडातून बाहेर येतात. उत्तरेला बर्फाळ आइसलंडमध्ये आत गेलेली, दक्षिणेला ऑलिव्हच्या झाडांत वर निघतात. हे मी अण्णांच्या अक्षरात वाचलं. वाचून धावत सांगायला गेले तेव्हा त्यांनी कपाटावरचा नकाशांचा मोठा संग्रह खाली काढला आणि म्हणाले, ‘आता दोन्ही ठिकाणं शोध.’ आइसलंड चटकन सापडलं. स्ट्रॉम्बोली सापडायला वेळ लागला; सिसिलीच्या वर समुद्रात एक ठिपका होता. मी त्या दोन जागांमधलं अंतर दोऱ्याने मोजलं, प्रमाणावरून मैल काढले. अण्णा शेजारी बसून पाहत होते. माझ्या आयुष्यातला भूगोलाचा पहिला तास तो. पुढे मी जेव्हा जेव्हा वर्गात ज्वालामुखी शिकवला, तेव्हा आधी ही गोष्ट सांगितली, नकाशा मुलांच्या हातात दिला, आणि स्ट्रॉम्बोलीचा ठिपका त्यांना शोधू दिला. बोट ठेवून दाखवला नाही.

मी मोठी होत गेले तशी अण्णांनी मोठ्यांची कपाटं माझ्यासाठी उघडली. कोणतं पुस्तक कधी द्यायचं याचा त्यांचा अंदाज विलक्षण होता. धो धो पाऊस पडत असताना त्यांनी मला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ दिली. बाहेर अंगणात गुडघाभर पाणी आणि हातातल्या पुस्तकात माणदेशातला दुष्काळ, गाव सोडून निघालेले धनगर. पाण्यावाचून गाव ओस पडतं, हे कोकणातल्या मुलीला पुस्तकाशिवाय कळलं नसतं. पुढे कॉलेजात पर्जन्यछायेचा प्रदेश शिकताना मला ती संज्ञा पाठ करावी लागली नाही. मॅट्रिकच्या वर्षी त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ दिली आणि सांगितलं, ‘हे आधी आईला दे.’ लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या बाईने आपलं आयुष्य इतकं मोकळेपणाने लिहावं, याचं आईला अपार नवल वाटलं. ते पुस्तक तिने तीनदा मागवलं. एकविसाव्या पानावर टिंब असूनही.

माझ्या पुढच्या शिक्षणाचा प्रश्न घरात निघाला तेव्हा आई ठाम राहिली. गावात कॉलेज नव्हतं, मुलीला बाहेर ठेवायला बाबा कचरत होते. आई फारशी बोलणारी नव्हती, पण त्या वेळी तिने जे सांगितलं त्याला आधार होता तो तिच्या वाचनाचा. मी बी.ए. झाले, बी.एड. केलं, शिक्षिका झाले. त्या सगळ्याच्या मागे त्या कौलारू घरातून पिशवीत भरून आणलेली पुस्तकं आहेत, असं मी मानते.

शाळेत शिकवत असताना ग्रंथालयाचं काम काही वर्षं माझ्याकडे होतं. त्या निमित्ताने डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेले ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत वाचनात आले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यांतले दोन. वाचताना पदोपदी अण्णा आठवत होते. हे सिद्धांत ते कुठे शिकले असतील-नसतील. त्यांनी पाळले मात्र सगळे.

वय वाढलं तसं माझ्या लक्षात आलं की माझं देणं एकट्या अण्णांपाशी थांबत नाही. ते ज्या टेबलापाशी बसत, ते टेबल तिथे कुणी ठेवलं? महाराष्ट्रातल्या वाचनालयांची साखळी फार जुनी आहे. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ सालचं. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं १८३२ साली. म्हणजे मराठीतलं पहिलं वृत्तपत्र निघण्याच्या आधी रत्नागिरीत वाचनालय होतं. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. चिपळूणचं, आज लोकमान्य टिळकांच्या नावाने ओळखलं जाणारं वाचन मंदिर १८६४ चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. अशी कितीतरी वाचनालयं लोकांनी काढली, लोकांनी चालवली. कुणी जागा दिली, कुणी कपाट, कुणी घरची पुस्तकं. आमच्या वाचनालयातल्या कितीतरी पुस्तकांच्या पहिल्या पानावर ‘यांच्या स्मरणार्थ’ असं लिहिलेलं असायचं. ज्यांना मी कधी पाहिलं नाही अशा माणसांच्या मुलांनी दिलेली ती पुस्तकं माझ्या घरी येऊन गेली. त्यांचंही मी देणं लागतेच.

१९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि पुढच्या वर्षीच्या १ मेपासून लागू झाला. त्याने गावोगावच्या अशा वाचनालयांना सरकारी मान्यता आणि अनुदान मिळायला लागलं. पुस्तकं, सभासद, कामाचे तास पाहून अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. आज राज्यात अशी हजारो ग्रंथालयं आहेत. त्यांतली बहुतेक लहान गावांतली आहेत, आणि ती चालतात ती अगदी तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या माणसांच्या जिवावर. अण्णा त्यांतलेच एक होते. त्यांच्या घरी चार माणसं खाणारी होती. सकाळ-संध्याकाळ वाचनालय आणि दुपारी एका दुकानात हिशेब लिहायचं काम, असा त्यांचा दिवस होता. रत्नागिरीत बसून ती पानं उतरवताना त्यांनी जो वेळ घातला, त्याचा त्यांना कुणी पैसा दिला नाही आणि त्यांनी तो मागितला नाही. एका शाळकरी मुलीला गोष्टीचा शेवट वाचायला मिळावा, एवढ्यासाठी एक प्रौढ माणूस अख्खी दुपार मान मोडून लिहीत बसला. शिक्षिका झाल्यावर, शंभर वह्या तपासून बोटं दुखायला लागली की मला त्या दुपारची किंमत कळायची.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या हयातीत मी त्यांना भेटत राहिले, सुट्टीला गावी गेले की नवी पुस्तकं नेऊन देत राहिले. ते ती उलटसुलट करून आधी शिवण बघायचे आणि नुसती डिंकावर चिकटवलेली दिसली की म्हणायचे, ‘ही टिकणार नाही. तू बांधून दे.’ मी बांधून द्यायचे. त्यांनी शिकवलेली बांधणी मी माझ्या शाळेतल्या मुलांना शिकवली. दर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आम्ही शाळेच्या ग्रंथालयातली सुटलेली पुस्तकं काढायचो, खळ शिजवायचो, जुज शिवायचो. ज्या पुस्तकांची पानं गेली असतील ती दुसरीकडून मिळवून मुलं स्वतःच्या अक्षरात लिहायची. आठवीतल्या एका मुलीने एकदा ‘गोट्या’ची पानं उतरवून शिवली. त्या पुस्तकाला नंतर इतकी मागणी आली की नावं लिहून ठेवावी लागली. मित्राच्या अक्षरातली गोष्ट वाचायची मुलांना वेगळीच ओढ असते.

लहान गावातलं वाचनालय किती थोडक्यावर उभं असतं, हे कोकणात वेगळं सांगायला नको. २००५ च्या आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचा पूर चिपळुणात शिरला तेव्हा तिथल्या दीडशे वर्षांच्या वाचन मंदिरातही पाणी आलं, ग्रंथांचं मोठं नुकसान झालं. भिजलेलं पुस्तक वाचवणं फार कष्टाचं काम आहे. उन्हात टाकलं की पानं आखडतात, बंद ठेवलं की बुरशी धरते. सावलीत, वाऱ्यावर, पानापानांत कोरा कागद घालून ते वाळवावं लागतं. तरी ते वाचन मंदिर पुन्हा उभं राहिलं, कारण ते आपलं आहे असं वाटणारी माणसं त्या गावात होती. पाण्याने जे होत नाही ते ओस पडल्याने होतं. सभासद घटले, वर्गणी आटली, मुलं यायची थांबली की वाचनालयाचा दरवाजा आधी एक वेळ आणि मग दोन्ही वेळ बंद राहतो. तो बंद झाल्याची बातमी कुठे येत नाही.

आमच्या गावचं वाचनालय अजून चालू आहे. आता सिमेंटची इमारत आहे, ग्रंथपाल एक तरुण मुलगी आहे, आणि बायका-मुली आपल्या पायांनी आत येऊन आपल्या हातांनी कपाटातून पुस्तक काढतात. गाव सोडून मला इतका काळ लोटला, तरी माझी सभासदाची वर्गणी दर वर्षी तिथे जाते. पुस्तकं मी नेत नाही. माझ्या नावावर गावातली कुणी मुलगी ती नेते. हा माझ्याकडून फेडीचा एक हप्ता.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. आपल्या गावात, आपल्या पेठेत, आपल्या वाडीच्या जवळ कुठे ना कुठे असं वाचनालय असेल. ते किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत उघडं असतं, ते विचारून घ्या. आत जा, वर्गणी भरा, आणि जाताना घरातलं किंवा शेजारचं एक मूल सोबत न्या. त्याला हवं ते पुस्तक द्या आणि सोबत तुमच्या आवडीचंही एक द्या. आणि तिथे जो किंवा जी बसून पुस्तकांची नोंद करत असेल, त्यांचं नाव विचारायला विसरू नका.